समुद्राखालचा कॅमेरा आणि माशांचे स्वभाव

समुद्राशीं आपला परिचय बहुधा त्याच्या पृष्ठभागापुरताच असतो. लाटा, फेंस, भरती-ओहोटी, क्षितिजावरचीं शिडें, हें सारें कवींनीं पुष्कळ गाइलें आहे. परंतु त्या निळ्या पडद्याखालीं काय चालतें हें पाहण्याची सोय हजारों वर्षें जवळजवळ कोणालाच नव्हती. समुद्रांतील जीव माणसाला भेटत ते जाळ्यांत, गळाला, नाहीं तर बाजारांतल्या टोपलींत. म्हणजे मेलेले किंवा मरणाच्या दारीं पोंचलेले. कोळणीच्या टोपलींतली सुरमई पाहून तिची लांबी, तिचे कल्ले, तिच्या पोटांतली गाबोळी यांविषयीं हवें तेवढें सांगतां येईल. परंतु ती आपल्या शेजाऱ्याशीं कशी वागते, कोणाला भिते, कोणाला जवळ येऊं देते, हें त्या टोपलींत दिसत नाहीं. पदार्थसंग्रहालयांत मद्यार्कांत बुडवून ठेवलेल्या नमुन्यांचीहि तीच गत. प्राणिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत माशांच्या दातांचीं आणि परांचीं वर्णनें पानांमागून पानें आढळतात, आणि त्यांच्या स्वभावाला मात्र चार ओळीहि मिळत नाहींत, याचें कारण हेंच.

श्रोतेहो, पाण्याखालीं कॅमेरा नेण्याची धडपड या अडचणींतून निघाली. वरवर पाहतां ती यंत्राची करामत वाटते, आणि तिचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक पेट्या, भिंगें आणि दिवे यांचीच जंत्री देतात. माझ्या मतें हा इतिहास यंत्रांचा कमी आणि रीतीभातीचा अधिक आहे. पाहुणा ज्या रीतीनें घरांत शिरतो तसें तें घर त्याला दिसतें. हातांत मशाल घेऊन, सुरी घेऊन, कीं मुकाट्यानें कोपरा धरून, माणूस माशांच्या घरांत ज्या रीतीनें शिरला त्याप्रमाणें त्याला मासे दिसले.

पहिला प्रयत्न इंग्लंडांत झाला. १८५६ च्या फेब्रुवारींत डॉर्सेट परगण्यांतील वेमथ येथें विल्यम टॉम्सन नांवाच्या गृहस्थानें पुढें कांच लावलेल्या एका पेटींत कॅमेरा बसवून तो नावेंतून सुमारें तीन वांव खोल सोडला, दोरीनें झडप उघडली आणि दहा मिनिटें वाट पाहिली. पेटींत पाणी शिरलें. तरी प्लेटवर वाळू आणि शेवाळ यांची अंधुक आकृति उमटलीच. टॉम्सनच्या डोक्यांत मासे नव्हते. पुलांचे आणि धक्क्यांचे बुडालेले खांब स्वस्तांत तपासतां येतील, एवढाच त्याचा हिशेब होता. पुढें त्यानें तो नाद सोडून दिला.

खरा प्रारंभ झाला तो सदतीस वर्षांनंतर, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्पेनच्या सरहद्दीलगतच्या बान्यूल्स गांवीं. तेथें लाकाझ-द्युतिए या प्राणिशास्त्रज्ञानें स्थापिलेल्या सागरी प्रयोगशाळेंत लुई बुताँ हा शास्त्रज्ञ शंख-शिंपल्यांच्या वर्गांतील प्राण्यांचा अभ्यास करीत असे. या कामासाठीं तो पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतः तळाशीं उतरे. तो पोशाख म्हणजे मोठें लोढणेंच: डोक्यावर धातूचें शिरस्त्राण, पायांत शिशाच्या तळाचे जोडे, आणि वर नावेंतल्या पंपापासून आलेली हवेची नळी. पण त्या लोढण्यासह तळाशीं उभें राहून त्याला जें दिसलें त्यानें तो इतका भारावून गेला कीं, वर येऊन तें नुसतें शब्दांनीं सांगणें त्याला अपुरें वाटूं लागलें. ज्यांना खालीं उतरतां येत नाहीं त्यांच्याहि डोळ्यांपुढें तो देखावा ठेवतां आला पाहिजे, ही त्याची तळमळ होती.

त्याचा भाऊ ओग्युस्त इंजिनियर होता. त्यानें १८९३ त पाणी आंत न शिरूं देणारी पेटी तयार केली. तिला रबराचा एक फुगा जोडलेला असे. खोल जावें तसा पाण्याचा दाब वाढतो; तो दाब फुग्याला चेपी, फुग्यांतली हवा पेटींत शिरे, आणि आंतला व बाहेरचा दाब सारखा होई. युक्ति अगदीं साधी. परंतु टॉम्सनच्या पेटीला जें साधलें नाहीं तें या फुग्यानें साधलें.

पाणी राहिलें बाहेर. पण प्रकाशाचें काय? भर दुपारीं देखील कांहीं वांव खालीं उजेड इतका मंदावतो कीं, त्या काळच्या प्लेटवर चित्र उमटण्यास कधीं कधीं अर्धा तास लागे. कॅमेरा तळावर टेकवावयाचा, पायांनीं उडालेला गाळ खालीं बसेपर्यंत थांबावयाचें, झडप उघडावयाची, आणि मग खांबासारखें उभें राहावयाचें. या अर्ध्या तासांत खडक उमटत, शेवाळाची रानें उमटत. परंतु समोरून शेंकडों मासे गेले तरी त्यांचा मागमूसहि प्लेटवर राहत नसे, कारण दीर्घकाळ उघड्या राहिलेल्या प्लेटवर जें स्थिर असेल तेंच टिकतें. गांवच्या जत्रेचें चित्र काढावें आणि त्यांत देऊळ तेवढें यावें, यात्रेकरू एकहि नसावा, असा हा प्रकार झाला. प्राण्यांच्या मुलखाचीं पहिलीं चित्रें निघालीं तीं अशीं प्राण्यांवांचून.

मासा पकडावयाचा तर प्रकाश भरपूर हवा आणि तो क्षणांत हवा. शोफूर नांवाच्या वीजतज्ज्ञाच्या साह्यानें बुताँनें प्रथम कांचेच्या बाटलींत प्राणवायु भरून त्यांत मॅग्नेशियमची तार पेटवून पाहिली. ती धड एकसारखी जळेना, आणि केव्हां केव्हां बाटलीच फुटे. मग त्यानें एक भलतेंच प्रचंड साधन उभें केलें. दोनशें लिटरांचें लांकडी पिंप. त्यावर कांचेच्या घंटेखालीं जळणारा स्पिरिटचा दिवा. आणि रबरी गोळा दाबला कीं दिव्याच्या ज्वालेवर मॅग्नेशियमची पूड फुंकली जाऊन लखलखाट होई. दिवा जळता राहावा म्हणून पिंपांत हवा, आणि हवेनें भरलेलें पिंप बुडावें म्हणून त्याला जड वजनें! एका माशाचें चित्र घेण्यासाठीं समुद्रांत वखार उतरविण्यासारखेंच हें झालें. १८९९ त त्यानें विजेचे आर्क-दिवे पाण्यांत सोडून सुमारें पन्नास मीटर खोलीवर चित्रें घेतलीं. त्याच सालांतलें एक चित्र पुढें प्रसिद्धि पावलें. 'बेल्जिका' जहाजावरून दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या सफरीस गेलेला रोमानियाचा शास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा त्यांत पाणबुड्याच्या पोशाखांत दिसतो. १९०० त बुताँनें या साऱ्या खटाटोपाचा ग्रंथ छापला.

यानंतर कांहीं काळ हा विषय शास्त्रज्ञांच्या हातून तमासगिरांच्या हातीं गेला. अमेरिकेंत जॉन अर्नेस्ट विल्यमसन यानें नावेच्या तळांतून एक लवचिक लोखंडी नळ खालीं सोडून त्याच्या टोकाला कांचेची खिडकी असलेली कोठडी बसविली, आणि १९१४ त बहामा बेटांजवळ आमिष टांगून, शार्क बोलावून, त्यांच्यापैकीं एकाशीं झालेली सुरीची झुंज चित्रपटांत घेतली. आपल्या कोळ्यांची जी मुशी, तिचाच हा धिप्पाड भाऊबंद. विल्यमसनचें कौशल्य खोटें नव्हे. १९१६ त जूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीवर निघालेला चित्रपट त्याच्याच युक्तीनें उभा राहिला. पण प्रेक्षकांना शार्क हवा होता तो तोंड वासलेला, आणि आमिष टांगून बोलावलेला शार्क तोंड वासणार नाहीं तर काय करील?

याच काळांत, फ्लॉरिडाच्या टोकापलीकडे असलेल्या ड्राय टॉर्टुगस बेटांवर, एक प्राध्यापक अगदीं निराळ्या रीतीनें काम करीत होता. बाल्टिमोरच्या गौचर कॉलेजांतील विल्यम हार्डिंग लाँगली दर उन्हाळ्यांत तेथील कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेंत येई. त्याला एक प्रश्न सतावीत होता. प्रवाळांत राहणारे मासे इतके भडक कां? रायगार्ड या शास्त्रज्ञानें १९०८ त असें मत मांडलें होतें कीं, प्रवाळांच्या कपारींत माशांना आसरा इतका चांगला मिळतो कीं, त्यांना लपण्याची गरजच उरत नाहीं. म्हणून त्यांचे रंग मनसोक्त भडकले, त्यांना कांहीं अर्थ नाहीं. लाँगलीनें हा वाद पुस्तकांत न खेळतां पाण्यांत नेला. शिरस्त्राण घालून तो तासन् तास माशांमध्यें राही, आणि कोणता मासा कोणत्या पार्श्वभूमीवर कोणता रंग घेतो हें पाही. त्याला दिसलें तें असें: मासा वाळूवर आला कीं फिका पडतो, शेवाळांत शिरला कीं गडद होतो, पोहतांना त्याच्या अंगावर लांब रेघा असतात, तर थांबल्यावर त्याच्या अंगावर आडवे पट्टे उमटतात. जो रंग आपण माशाचा म्हणून ग्रंथांत लिहितों, तो पुष्कळ वेळां माशाच्या त्या क्षणाचा असतो. बाजारांतल्या टोपलींत हें कोठून दिसणार!

परंतु रंगांचा साक्षीदार काळ्या-पांढऱ्या प्लेटवर कसा उभा करावयाचा? येथें पाण्याचा आणखी एक गुण आड येतो. पाण्यांत प्रथम तांबडा रंग मावळतो, मग नारिंगी, मग पिवळा. शेवटीं निळाच काय तो उरतो. पंधरा-सोळा वांव खोल गेलेल्या पाणबुड्याचें बोट कापलें तर रक्त हिरवट दिसतें. म्हणजे वरून दिवा नेल्यावांचून तळाचे खरे रंग दिसावयाचे नाहींत. आणि त्या काळच्या ऑटोक्रोम नांवाच्या रंगीत प्लेट्स इतक्या मंद कीं, साधा दिवा त्यांना पुरावयाचा नाहीं. या प्लेट्स बटाट्याच्या पिठाचे कण रंगवून, ते कांचेवर पसरून बनवीत. अशा बटाट्याच्या पिठावर समुद्राचे रंग उमटविण्याचें काम लाँगलीनें आणि 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख चार्ल्स मार्टिन यानें १९२६ त अंगावर घेतलें.

त्यांची रीत ऐकून अंगावर कांटा येतो. पाण्यावर एक तराफा. तराफ्यावर खालीं प्रकाश फेंकणारा परावर्तक. आणि त्यांत मॅग्नेशियमची पूड, एका चित्राला एक पौंड! खालीं सुमारें पंधरा फुटांवर पाणबुड्यानें कॅमेऱ्याची कळ दाबली कीं, विजेच्या तारेनें वरची पूड भडके आणि क्षणभर तळावर दुसरा सूर्य उगवे. एकदां थोडी पूड अवेळीं पेटून लाँगली चांगलाच भाजला. परंतु १९२७ च्या जानेवारींत त्या मासिकांत पाण्याखालचीं पहिलीं रंगीत छायाचित्रें प्रसिद्ध झालीं, आणि त्यांत एक हॉगफिश होता. लांबट मुस्कटानें वाळू उकरण्याच्या संवयीमुळें या माशाला डुकराचें नांव चिकटलें आहे. एक पौंड पुडीचा भडका डोक्यावर उडाल्यावर त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल ती असो. चित्र मात्र सुरेख आलें.

या माशाची गोष्ट येथें संपत नाहीं, म्हणून थोडा काळ ओलांडून पुढें जातों. हॉगफिश क्षणांत पांढरा, तांबूस किंवा ठिपकेदार होऊं शकतो, हें कोळ्यांना ठाऊक होतेंच. लोरियन श्वाइकर्ट या संशोधिकेनें फ्लॉरिडांत मासेमारी करतांना एक विलक्षण गोष्ट पाहिली. पकडून मारलेला हॉगफिश नावेच्या फळीवर पडला होता, आणि त्याच्या कातडीचा रंग फळीच्या रंगाकडे झुकत होता. मासा मेला होता, डोळे विझले होते. मग कातडीला फळीचा रंग सांगितला कोणीं? २०१८ आणि २०२३ त प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत उत्तर आलें: या माशाच्या कातडींत प्रकाश ओळखणारें द्रव्य आहे, डोळ्यांत असतें त्याच जातीचें, आणि तें रंगपेशींच्या खालीं बसलेलें आहे. रंगपेशी पसरल्या कीं खालीं पोंचणारा प्रकाश बदलतो, आणि आपला रंग कितपत पालटला याची खबर कातडीला आंतून मिळते. म्हणजे रंगीत छायाचित्रासाठीं जो मासा प्रथम उभा राहिला, तो स्वतःच अंगावर एक प्रकाशग्राही प्लेट बाळगून होता. असा योगायोग कादंबरीकारानें योजला असता तर आपण त्याला हंसलों असतों.

पॅरिसमध्यें या सुमारास झाँ पँल्वे या चित्रपटकारानें, जो फ्रान्सच्या एका माजी पंतप्रधानाचा मुलगा होता, १९३४ त घोडामाशावर एक छोटा चित्रपट काढला. घोडामाशांत पिलें वाहतो व प्रसवतो तो बाप, ही गोष्ट शास्त्रज्ञांना पूर्वीं ठाऊक होती. पण वेणा येणारा बाप, त्याच्या पोटाचे झटके, आणि पिशवींतून बाहेर उसळणारीं चिमुकलीं पिलें पडद्यावर पाहणें निराळें. त्यांतला बराच भाग कांचेच्या हौदांत घेतलेला होता. तरीहि लोकांनीं सागरी जिवाकडे राक्षस किंवा पक्वान्न यांवांचून तिसऱ्या नजरेनें पाहिलें तें अशा चित्रपटांमुळें.

आतां शिरस्त्राण आणि नळी यांचें जोखड उतरविण्याचे दिवस आले. व्हिएन्नाचा हान्स हास नांवाचा विद्यार्थी १९३९ त कॅरिबियन समुद्रांतील कुरासाव आणि बोनेर बेटांजवळ पायांना रबरी वल्हीं बांधून, श्वास रोखून, हातांत कॅमेरा घेऊन माशांसारखा पोहला. शिशाचे जोडे घातलेला माणूस तळावर ठोकलेल्या खुंट्यासारखा असतो. पोहणारा माणूस माशांच्या दृष्टीनें आणखी एक मोठा मासा. शार्क आपल्याला पाहून सामान्यतः दूरच राहतात, हें त्यानें अनुभवानें सांगितलें, तेव्हां लोकांना तें खरें वाटेना. १९४३ त फ्रान्समध्यें कुस्तो आणि गान्यां यांनीं दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांवर चालणारें श्वसनयंत्र सिद्ध केलें, आणि पाण्याखालीं तासभर स्वैर हिंडणें सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें.

कुस्तोचें नांव घेतलें म्हणजे त्याच्या १९५६ च्या चित्रपटाचा उल्लेख टाळतां येत नाहीं. समुद्राच्या शांततेवरचा हा चित्रपट कॅन येथील महोत्सवांत सर्वोच्च बक्षीस मिळवून गेला, आणि लाखों लोकांना समुद्राचें वेड त्यानेंच लावलें. पण आज तो पाहतांना मन विटतें. माशांच्या जाती मोजण्यासाठीं प्रवाळांत सुरुंग उडविला जातो आणि मेलेले मासे ओळीनें मांडले जातात. जहाजाच्या पंख्यानें जखमी झालेल्या देवमाशाच्या पिलावर शार्क तुटून पडतात, तेव्हां खलाशी सूड घेतल्यासारखे शार्कांना वर ओढून ठेंचतात. ज्या कॅमेऱ्यानें जिवंत समुद्र दाखवावयाचा, त्याच्या समोर हें! कुस्तो पुढें समुद्ररक्षणाचा मोठा पुरस्कर्ता झाला, हें त्याच्या पदरीं टाकलेंच पाहिजे. परंतु पाहण्याची हौस आणि इजा करण्याची संवय एकाच माणसांत किती सुखानें नांदतात, याचा तो चित्रपट दस्तऐवज आहे.

मुकाट्यानें पाहणाऱ्याला काय मिळतें त्याचें उदाहरण त्याच दशकांतलें आहे. हासच्या 'झारिफा' या शिडाच्या जहाजावर १९५३-५४ च्या सफरींत इरेनेउस आयब्ल-आयबेसफेल्ट हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याच्या ध्यानांत आलें कीं, प्रवाळांत कांहीं ठराविक जागा अशा आहेत कीं, तेथें मोठे मोठे मासे येऊन तिष्ठत उभे राहतात, जणू रविवारीं सकाळीं हजामतीच्या दुकानापुढें गिऱ्हाइकें. दुकानदार म्हणजे बोटाएवढे छोटे मासे. ते गिऱ्हाइकाच्या अंगावरचे परोपजीवी किडे टिपतात, कल्ल्यांत शिरतात, दातांत शिरतात. जो मासा त्यांना सहज गिळूं शकेल तो जबडा उघडून निश्चल राहतो, आणि तोंड मिटण्यापूर्वीं अंगाला झटका देऊन आंतल्याला बाहेर पडण्याची सूचना करतो. हिंदी महासागरांत आणि पॅसिफिकांत हें काम निळसर अंगावर काळा पट्टा असलेला एक मासा करतो. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांतहि तो आहे. योगायोग असा कीं, तो हॉगफिशच्याच कुळांतला.

पेशवाईच्या इतिहासांत भाऊसाहेबांचा तोतया आहे, तसा प्रवाळांतहि एक तोतया आहे. १९५९ त आयब्ल-आयबेसफेल्टनें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. रंग, पट्टा, पोहण्याची नाचरी चाल, सारें या सफाई करणाऱ्या माशासारखें. मासे त्याला विश्वासानें जवळ येऊं देतात, आणि तो त्यांच्या परांचा लचका तोडून पळतो! हें नाट्य किती हजार वर्षें चाललें असेल कोण जाणे. पण त्याचा प्रेक्षक होण्यासाठीं माणसाला आधीं स्वस्थ राहावें लागलें.

खोल समुद्रांत ही गोष्ट अधिकच कठोरपणें दिसून आली. महाकाय म्हाकूळ, ज्याच्या नांवानें खलाशांनीं पिढ्यान् पिढ्या कथा रचल्या, तो जिवंत असा आपल्या मुलखांत कोणीं चित्रित केला नव्हता. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनीं आमिष लावलेला दोर आणि त्यासोबत आपोआप चित्रें घेणारा कॅमेरा सुमारें नऊशें मीटर खोल सोडला. २००४ च्या सप्टेंबरांत म्हाकूळ आला, त्यानें आमिषावर झडप घातली, आणि त्याचा एक लांब बाहु गळांत अडकला. चार तासांहून अधिक वेळ तो झगडत होता, आणि कॅमेरा चित्रें घेत होता. पांचशेंहून अधिक चित्रें निघालीं. शेवटीं साडेपांच मीटर लांबीचा बाहु तोडून टाकून तो निसटला. त्या चित्रांनीं तो आळशी तरंगणारा नसून चपळ शिकारी आहे हें सिद्ध केलें. पण तो प्राणी संकटांतला होता हें विसरतां येत नाहीं.

एडिथ विडर या अमेरिकन संशोधिकेला एक साधा विचार सुचला. खोल समुद्रांतले बहुतेक प्राणी तांबडा प्रकाश पाहूं शकत नाहींत, कारण तो तेथें पोंचतच नाहीं. मग पांढरे झगझगीत दिवे आणि घरघरणारीं यंत्रें घेऊन आपण तेथें जातों, तेव्हां जे पळून जातात त्यांचें काय? कदाचित् आपण आजवर पाहिले ते फक्त न पळणारेच! तिनें मंद तांबड्या प्रकाशाचा, आवाज न करणारा कॅमेरा तयार केला, आणि आमिषाऐवजीं एका जेलीफिशच्या निळ्या चमकण्याची नक्कल करणारा लहानसा दिवा लावला. संकटांत सांपडलेला तो जेलीफिश असा चमकला कीं मोठे शिकारी तिकडे धांवतात. २०१२ च्या जुलैंत, त्याच ओगासावाराच्या पाण्यांत, महाकाय म्हाकूळ स्वतःच्या पायांनीं, नव्हे बाहूंनीं, चालत त्या कॅमेऱ्यापुढें आला. बुताँ दोनशें लिटरांचें पिंप पेटवून ज्याच्या मागें धांवला होता, तें मिळालें दिवा जवळजवळ विझवून.

जपानचीच आणखी एक हकीकत सांगतों. अमामी-ओशिमा बेटाजवळच्या वाळूवर १९९५ पासून पाणबुड्यांना चमत्कारिक वर्तुळें दिसत: सुमारें दोन मीटर रुंद, मध्यापासून निघालेल्या असंख्य सऱ्या आणि वरंबे, एखाद्या रांगोळीसारखीं रेखीव. कोणी काढलीं, कशासाठीं, कांहींच कळेना. २०११ त हा कलावंत काम करतांना सांपडला, आणि २०१३ त छायाचित्रकार योजी ओकाता आणि दोघे शास्त्रज्ञ यांनीं मिळून त्याचें संशोधन प्रसिद्ध केलें. कोकणांत ज्याला केंड म्हणतात त्या फुगणाऱ्या माशांच्या कुळांतला, चार-पांच इंच लांबीचा एक नर! सात ते नऊ दिवस तो अंगानें आणि परांनीं वाळू उकरीत असतो. वरंब्यांवर शिंपल्यांचे तुकडे आणून बसवितो. मधल्या भागांत वाळूचे अगदीं बारीक कण गोळा होतात. मादी येऊन तें पाहते, पसंत पडलें तर मध्यभागीं अंडीं घालते, आणि निघून जाते. अंड्यांची राखण बाप करतो. तें वर्तुळ पुन्हां वापरीत नाहीं. पुढच्या वेळीं नवें काढतो. जातीला शास्त्रीय नांव मिळालें तें २०१४ त, कारण तोंवर ही जातच कोणाला ठाऊक नव्हती.

आतां त्या सफाई करणाऱ्या माशाकडे पुन्हां वळतों, कारण आपल्या विषयाचें चमत्कारिक टोक त्याच्याशींच जोडलेलें आहे. रेदुआन ब्शारी या शास्त्रज्ञानें तांबड्या समुद्रांत वर्षानुवर्षें त्याचा धंदा न्याहाळला. त्याला आढळलें कीं, या दुकानदाराला किड्यांपेक्षां गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट बुळबुळीत थर अधिक आवडतो, आणि संधि सांपडली कीं तो त्याचा चावा घेतो. परंतु दुसरीं गिऱ्हाइकें पाहत असलीं तर तो शहाण्यासारखा किडेच खातो! २००६ त ब्शारी आणि ॲलेक्सांड्रा ग्रटर यांनीं हें प्रयोगानें दाखविलें. शंभर-सवाशें वर्षें आपण माशांना पाहत आहों अशा समजुतींत होतों. मासेहि एकमेकांना पाहत होते, आणि आपल्याला कोण पाहतो याचा हिशेब ठेवीत होते.

पुढची पायरी ओसाका येथें मासानोरी कोदा आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं चढली. त्यांनीं या माशाच्या गळ्याखालीं, जो भाग त्याला एरव्हीं दिसत नाहीं तेथें, किड्यासारखा दिसणारा तपकिरी ठिपका उमटविला आणि पुढें आरसा ठेवला. माशानें आरशांत पाहिलें आणि गळा खडकावर घासला. २०१९ त हें प्रसिद्ध होतांच वाद माजला. आरशाची ही कसोटी १९७० त चिंपांझींना प्रथम लावणारा गॅलप हा तर तें मान्य करावयास तयारच झाला नाहीं. आणि हा वाद निकालांत निघाला असें मीहि म्हणणार नाहीं. पण कोदानें नंतर जें केलें तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. त्यानें आरसा काढून घेतला आणि माशापुढें छायाचित्रें ठेवलीं: एक त्याचें स्वतःचें, एक परक्या माशाचें, एकांत त्याचा चेहरा परक्याच्या धडावर, एकांत परक्याचा चेहरा त्याच्या धडावर. ज्या चित्रांत चेहरा परक्याचा होता त्यांवर तो चाल करून गेला. स्वतःचा चेहरा असलेल्या चित्रांना त्यानें कांहीं केलें नाहीं. आणि गळ्याखालीं ठिपका काढलेलें स्वतःचें छायाचित्र दाखवितांच, अंगावर कांहीं नसतांनाहि, त्या जातीचे मासे वळले आणि आपला गळा तळाशीं घासूं लागले. हें संशोधन २०२३ त प्रसिद्ध झालें. बुताँच्या पहिल्या चित्राला तेव्हां बरोबर एकशें तीस वर्षें झालीं होतीं.